प्रिम्युला कुळातली रानफुलं ओळखायला शिकताना: रंग सोडा, पुंकेसर बघा

बॉटनीच्या विद्यार्थ्यांकडून आणि ट्रेकला जाणाऱ्यांकडून एक प्रश्न हमखास येतो की हिमालयात ती जांभळी गुलाबी फुलं दिसतात त्यातलं प्रिम्युला कुठलं हे कसं ओळखायचं, म्हणून मी कशी शिकले ते सांगते.

मी पहिल्यांदा गेले ते मे महिन्याच्या सुरुवातीला, उत्तराखंडात चोपत्याहून तुंगनाथला. बर्फ नुकतं वितळत होतं, गवत अजून पिवळंच होतं आणि त्यात ठिकठिकाणी जांभळे गोल गेंद उभे. ते प्रिम्युला डेंटिक्युलाटा. पानं सगळी जमिनीलगत गोल मांडलेली, मधून एकच बिनपानांचा दांडा आणि त्याच्या टोकाला फुलांचा चेंडू, प्रत्येक फुलाच्या मध्यभागी पिवळा डोळा. हे एक ओळखता आलं की वाटतं झालं, आलं आपल्याला. पण पुढच्याच वळणावर छोटी गुलाबी फुलं दिसली की परत गाडी अडते, कारण रंग आणि आकार जातीजातीत बदलतात. सिक्कीमकडची प्रिम्युला सिक्किमेन्सिस तर पिवळी, खाली लोंबणाऱ्या घंटांसारखी आहे, तिचा त्या जांभळ्या गेंदाशी काही संबंध असेल असं बघून वाटतही नाही.

म्हणून कुळाची खूण पक्की करा. फुलात पाच पाकळ्या, बुडाशी जोडून नळी झालेली, आणि पाच पुंकेसर, म्हणजे पराग तयार करणारे तंतू. आता दहापट भिंग घ्या आणि पुंकेसर कुठे उभे आहेत ते बघा. बहुतेक फुलांत ते दोन पाकळ्यांच्या मधल्या फटीसमोर असतात, या कुळात मात्र प्रत्येक पुंकेसर बरोब्बर पाकळीच्या समोर असतो. कारण असं की मुळात पुंकेसरांची दोन वर्तुळं होती, त्यातलं बाहेरचं नाहीसं झालं आणि आतलं पाकळीसमोरचं तेवढं राहिलं. मला हे कॉलेजात फ्लोरल डायग्राम काढून पाठ होतं, पण खरं कळलं ते तुंगनाथच्या वाटेवर गुडघे टेकून बघितल्यावर.

याचा उपयोग लगेच होतो. याच कुळातल्या अँड्रोसेसची गुलाबी पांढरी फुलं उंचावर खडकांत गालिच्यासारखी पसरतात, नळी आखूड आणि तोंडाशी आवळलेली. दुसऱ्या कुळातल्या फर्गेट-मी-नॉटच्या नातलगांचा गळाही साधारण तसाच दिसतो त्यामुळे भलेभले चुकतात. पुंकेसर पाकळीसमोर की फटीसमोर, एवढं बघितलं की प्रश्न मिटतो.

माझी एक चूक सांगते, ती तुम्ही करू नका. एकाच उतारावर मला दोन प्रकारची प्रिम्युला मिळाली, एकात नळीच्या तोंडाशी टाचणीच्या डोक्यासारखी कुक्षी (पराग झेलणारं टोक) दिसत होती, दुसऱ्यात तिथे परागकोश (पुंकेसराच्या टोकाची परागांची पिशवी) आणि कुक्षी खाली नळीत लपलेली. मी वहीत दोन वेगळ्या जाती म्हणून नोंद केली, वेगळे फोटो, वेगळी वर्णनं, सगळं. दोन्ही एकच जात होती. एका झाडाला एकाच प्रकारची फुलं येतात आणि पराग एका प्रकाराकडून दुसऱ्याकडे गेले तरच बी नीट धरतं, डार्विनने 1862 मध्ये यावर निबंध लिहिला होता. त्यामुळे आता प्रिम्युला दिसलं की मी पाच-सहा झाडं तरी बघते, एकावरून नाव देत नाही. फोटो काढताना फूल समोरून, बाजूने नळी आणि खालचा हिरवा पेला, पानाची वरची बाजू, खालची बाजू (काही जातींत पांढरी पिवळी भुकटी असते, ती महत्त्वाची खूण) आणि आजूबाजूची जागा, ओढा आहे की खडक, इतकं घ्याच. फूल तोडायची गरज पडत नाही, आणि व्हॅली ऑफ फ्लॉवर्ससारख्या नॅशनल पार्कात ते चालतही नाही.

हिमालयात जायला वेळ आणि पैसे लागतात हे मान्य, पण सराव घरी होतो. 2009 च्या नव्या वर्गीकरणात हे कुळ बरंच मोठं झालं, आपलं वावडिंग, सह्याद्रीतली आटकी, खाडीतला काजळा हे सगळे आता यात येतात, आणि यांच्या बारीक फुलांतही पुंकेसर पाकळीसमोरच.

सगळ्यात सोपं म्हणजे याच कुळातलं अ‍ॅनागॅलिस, आता नाव लायसिमॅकिया आर्व्हेन्सिस. हिवाळ्यात गहू हरभऱ्याच्या शेतात तण म्हणून उगवतं, निळंशार फूल, मध्यभागी लालसर डोळा, चौकोनी खोड, पानं समोरासमोर आणि पानाखाली काळे ठिपके. लोक याला विष्णुक्रांता समजतात. विष्णुक्रांतेची पानं एकाआड एक आणि लवदार असतात, पुंकेसर फटीसमोर असतात. अ‍ॅनागॅलिसचं फळ गोल, पिकलं की डबीचं झाकण निघावं तसं वरून उघडतं. कोवळं फळ ब्लेडने आडवं कापा, आत पडदे नाहीत, मधे एकच खांब आणि त्याला चिकटलेली बीजांडं दिसतील. तण आहे, शेतकऱ्याला विचारून चार झाडं उपटली तरी कोणाचं काही जात नाही. फक्त सकाळी ऊन आल्यावर जा, ढगाळ हवेत आणि दुपार कलल्यावर ही फुलं मिटून घेतात.