ओळखपत्राचा फोटो तपासायला घेण्याआधी

ग्राहकाने पाठवलेल्या ओळखपत्राच्या फोटोतली बनावट पकडायची, तर फोटो कुठून येतो, याची सोय आधी लावा. गॅलरीतून फाइल चढवण्याचा पर्याय बंद ठेवा, फोटो बँकेच्या ॲपमधल्या कॅमेऱ्यानेच काढायला लावा. तरीही व्हर्च्युअल कॅमेऱ्यातून (खऱ्या कॅमेऱ्याचं सोंग घेणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) तयार चित्र घुसवता येतं, म्हणून ॲपला एम्युलेटर (संगणकावर चालणारा नकली फोन) आणि रूट केलेला, म्हणजे सुरक्षेची बंधनं काढलेला फोन ओळखता आला पाहिजे. कार्डाची एखादी कड कापली गेली किंवा मजकुरावर चकाकी आली, तर फोटो लगेच पुन्हा मागवा. ‘पुन्हा काढा’ आणि ‘संशयास्पद’ हे शेरे वेगळे ठेवा, नाहीतर थरथरत्या हाताचा प्रामाणिक ग्राहक लबाड ठरतो.

मूळ फाइल आहे तशीच साठवा. जेपेग चित्र ८×८ पिक्सेलच्या ठोकळ्यांत दाबतं. फाइल लहान करून पुन्हा सेव्ह केली की खाडाखोडीच्या खुणा पुसट होतात. मेटाडेटावर (फाइलमधल्या तारीख, कॅमेरा अशा नोंदींवर) फार विसंबू नका, मेसेजिंग ॲप तो एरवीही काढून टाकतात.

पासपोर्ट असेल तर तळाशी ४४-४४ चिन्हांच्या दोन ओळी असतात. त्यातल्या जन्मतारखेचा तपासणी अंक, म्हणजे तारीख बरोबर आहे का हे पडताळायला तिच्यापुढे छापलेला अंक, काढा: ९००४१५ (१५ एप्रिल १९९०) या आकड्यांना क्रमाने ७, ३, १, ७, ३, १ ने गुणून बेरीज ९९ येते, १० ने भागून बाकी ९. तारखेपुढे ९ नसेल तर आधी ओसीआरने (चित्रातला मजकूर वाचणाऱ्या सॉफ्टवेअरने) अंक चुकीचा वाचला का ते बघा. जुळला तरी हुरळून जाऊ नका. सूत्र जाहीर आहे, सराईत माणूस अंकही बदलतो. वरची छापील तारीख आणि खालची ओळ यांतली तफावत मात्र हमखास बघा, घाईत केलेली बनावट बहुधा तिथेच उघडी पडते.

स्क्रीनवरून काढलेल्या फोटोत अनेकदा लाटांसारखे पट्टे उमटतात, रंगीत छापील प्रतीत ठिपक्यांची जाळी. दोन्ही बहुधा झूम केल्यावरच नीट दिसतात. होलोग्रामसाठी एक फोटो पुरत नाही. कार्ड तिरकं करत दोन-तीन सेकंदांचा व्हिडिओ घ्या. झेरॉक्सवरचा होलोग्राम रंग बदलत नाही.

कागदपत्रात चिप असेल आणि फोनला एनएफसी (जवळ धरून चिप वाचण्याची सोय) असेल, तर चित्राशी झटापट करण्यापेक्षा चिपच वाचा. चिपवरची डिजिटल सही तपासायला जारी करणाऱ्या देशांची प्रमाणपत्रं अद्ययावत हवीत. ही सही तपासल्याने माहितीतला फेरफार कळतो, चिपची नक्कल कळत नाही. त्याला चिपची वेगळी पडताळणी लागते.

बनावट ओळखणाऱ्या संगणकीय मॉडेलच्या चाचणीसाठी फोटो बदललेले, मजकूर बदललेले, स्क्रीनवरचे आणि छापलेले नमुने वेगवेगळ्या गटांत ठेवा. एकाच कार्डाचे फोटो मॉडेलचं प्रशिक्षण आणि चाचणी, दोन्हीकडे गेले तर निकाल फुगतो.