पहिल्यांदा डिरेक्शन करताय? मग नटाला करून दाखवणं आधी बंद करा

नाटक बसवायला घेतलं की पहिल्याच दिवशी सगळ्यांना उभं करू नका. काही दिवस नुसतं वाचन करा, आणि प्रत्येक एन्ट्रीला विचारत राहा की हा माणूस आत्ता इथे का आलाय, समोरच्याकडून त्याला काय हवंय. हे तुम्हालाच माहीत नसेल तर पुढे लाइट, सेट, म्युझिक कितीही लावा, सीन उभा राहत नाही.

सगळ्यात घातक सवय म्हणजे "असं बोल" म्हणून वाक्य स्वतः बोलून दाखवणं. समजा मुलगी बॅग घेऊन दारात उभी आहे, वाक्य आहे "निघते मी". तुम्ही म्हणालात "जरा रडवेली हो", की ती आवाज कापरा करणार, बस्स. त्याऐवजी तिला सांगा, बाबांनी थांबवावं असं तुला वाटतंय पण ते तू तोंडाने बोलणार नाहीस. मग बघा, ती बॅगेची चेन उगाच परत तपासते, दाराला हात लावून थांबते, आणि हे तिचं तिला सुचलेलं असतं म्हणून पन्नासाव्या प्रयोगालाही जिवंत राहतं.

गर्दीच्या सीनलाही हेच. जर्मनीतल्या साक्स-मायनिंगेनच्या ड्यूकची नाटक मंडळी १८७४ साली बर्लिनला गेली तेव्हा लोक त्यांची गर्दी बघून थक्क झाले, कारण गर्दीचे छोटे गट पाडून प्रत्येक गटाला एक अनुभवी नट दिलेला असायचा. नुसतं "आरडाओरडा करा" सांगून ते होत नाही.

फिल्ममध्ये सीन उलटसुलट क्रमाने शूट होतात, त्यामुळे अ‍ॅक्शन म्हणायच्या आधी नटाला आठवण करून द्या की मागच्या सीनमधून तो काय घेऊन आलाय. आणि दोघं बोलत असतील तर त्यांच्यामधून एक रेषा आहे असं धरून कॅमेरा एकाच बाजूला ठेवा, नाहीतर कट केल्यावर दोघं एकाच दिशेला बघताना दिसतात.

ऑपेरा, म्हणजे संवादही गाऊन सादर होणारं नाटक, मला सगळ्यात अवघड वाटतो. तिथे पॉज तुमच्या हातात नाही, वेळ संगीतकाराने लिहून ठेवलेला आणि लय कंडक्टरच्या, म्हणजे वाद्यवृंद चालवणाऱ्याच्या, हातात. म्हणून नुसते शब्द वाचू नका, संगीत ऐकून पाठ करा, दोन ओळींमध्ये नुसती वाद्यं वाजतात तेव्हा पात्राच्या मनात काय चाललंय ते शोधा, तुमची खरी जागा तीच. उंच सुराच्या आधी गायकाला जिना चढायला लावू नका, श्वास पुरत नाही, आणि कुठेही उभं केलंत तरी त्याला कंडक्टर किंवा कंडक्टरला दाखवणारा, बाजूला लावलेला मॉनिटर दिसतोय ना, हे स्वतः तिथे उभं राहून बघा.