बोअरच्या जड पाण्यात मासे पाळताय? या चुका टाळा

गीझरची कॉइल दरवर्षी पांढरी होते, तूरडाळीला कुकरच्या दोन शिट्ट्या जास्त लागतात, साबणाला फेस येत नाही. बेळगावात बोअर असलेल्या घरांना हे सांगायला नको. पण फिश टँक घ्यायला निघालो की हे सगळं आपण विसरतो. मीही विसरलो होतो. मुलीला आवडले म्हणून बारा निऑन टेट्रा आणले आणि वडगावच्या घरी बोअरच्या पाण्यात सोडले. चौथ्या दिवशी दोनच उरले. ती रोज सकाळी टँकजवळ जाऊन मोजायची, ते अजून आठवतं.

माझी चूक सरळ होती. मासा आधी निवडला, पाण्याचा विचार नंतर. निऑन मूळचा ॲमेझॉन खोऱ्यातला, तिथलं पाणी अगदी हलकं आणि किंचित आम्लधर्मी. आज दुकानात येणारे निऑन टँकमध्ये वाढवलेले असतात आणि मध्यम जड पाणी सोसतातही. पण हलक्या पाण्यातून एकदम जड पाण्यात टाकले की अंगातल्या क्षारांचा तोल सांभाळता सांभाळता ते खचतात. डिस्कस आणि रॅम हे हलक्या पाण्यातले मासे तर आपल्या बोअरसाठी नाहीतच.

म्हणून आधी पाण्याचा जडपणा, म्हणजे त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार, मोजा. थेंबांचं हार्डनेस किट मिळतं. नळीत पाच मिली पाणी घ्यायचं, एकेक थेंब टाकून हलवायचं आणि केशरी रंग हिरवा होईपर्यंत मोजत राहायचं. बहुतेक किटमध्ये एक थेंब म्हणजे एक डिग्री, साधारण १८ पीपीएम (दहा लाखांत १८ भाग). आमच्या बोअरला एकोणीस थेंब लागले, म्हणजे ३४० च्या आसपास. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० ही स्वीकारार्ह मर्यादा आहे, यावरून अंदाज घ्या. आरओवाल्याच्या टीडीएस मीटरवर विसंबू नका, तो विरघळलेले सगळेच क्षार मोजतो, मीठही. पीएच, म्हणजे पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा (सात म्हणजे मधलं), बघायचा तर पाणी बादलीत एक दिवस हवा सोडून ठेवा. ताज्या बोअरच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, त्यामुळे पीएच खोटाच कमी दिसतो.

आकडा मोठा आला की लोक लिंबू पिळतात, नाहीतर पीएच उतरवायचं औषध घालतात. तसं करू नका. पाण्यातले बायकार्बोनेट ते आम्ल गिळून टाकतात आणि बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी पीएच पुन्हा जागेवर येतो. या वरखालीनं मासा जितका हैराण होतो, तितका स्थिर जड पाण्यानं होत नाही. उकळल्यानं फक्त बायकार्बोनेटमुळे आलेला, तात्पुरता जडपणा जातो. घरातलं मिठावर चालणारं सॉफ्टनर कॅल्शियम काढून सोडियम घालतं, म्हणजे क्षार तेवढेच राहतात. हलकं पाणी हवंच असेल तर आरओचं पाणी मिसळा, पण दरवेळी त्याच प्रमाणात.

आपल्याकडची सगळ्यात घातक चूक मात्र वेगळीच आहे. आपल्या घरात दोन पाणी असतात. राकसकोप किंवा हिडकलचं नळाचं पाणी धरणात साठलेलं पावसाचं, त्यामुळे बरंच हलकं. बोअरचं काळ्या बसाल्टच्या भेगांतून आलेलं, जड. नळ आला की टँकला नळाचं, उन्हाळ्यात नळ लांबला की बोअरचं, अशी सरमिसळ होते आणि माशाला दर महिन्याला नवं गाव. एकच पाणी ठरवा. मी बोअरचंच ठरवलं, कारण ते बारा महिने असतं. नळाचं घेणार असाल तर क्लोरीन घालवणारं औषध विसरू नका.

उन्हाळ्यात पातळी उतरली की वरून पाणी ओतत राहणं हीसुद्धा चूकच. वाफ होते ती फक्त पाण्याची, क्षार टँकमध्येच राहतात. दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी काढा, मग तेवढंच नवं भरा.

मग ठेवायचं काय? मोली पहिली, तिला जड पाणी मनापासून मानवतं. गप्पी, प्लॅटी, स्वोर्डटेलही छान राहतात, फक्त एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवा. पळापळ आवडत असेल तर झेब्रा डॅनिओ घ्या. टँक दोनशे लिटरचा असेल तर आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले सिक्लिड मासे बघा, रंगाला तोड नाही. पण त्यांच्यासोबत दुसरे मासे ठेवू नका, गप्पी त्यांच्यापुढे टिकत नाहीत. जानेवारीच्या रात्री यातल्या बहुतेकांना हीटर लागतो.

जड पाण्याचा पीएच बहुधा आठच्या आसपास असतो, आणि तिथे मासे आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात येणारा अमोनिया सातपेक्षा जवळपास दहापट विषारी ठरतो. म्हणून नव्या टँकमध्ये पहिल्या महिन्यात चार-पाचच मासे आणि चिमूटभर खाणं. आणि दुकानातली पिशवी थेट टँकमध्ये उलटी करू नका. मासे त्यांच्याच पाण्यासह बादलीत घ्या, हवेच्या नळीला सैल गाठ मारून टँकचं पाणी थेंबथेंब त्यात सोडा, तास-दीड तासात बादलीतलं पाणी दुप्पट-तिप्पट होऊ द्या. मग जाळीनं फक्त मासे उचला, पिशवीतलं पाणी झाडांना.