पत्र्यावर सोलर बसवताना: स्क्रू पर्लिनमध्ये गेला की नुसता पत्र्यात?

पत्र्याच्या छतावर नवीन माणूस आधी वजनाचा विचार करतो. तो करायलाच हवा. पॅनेल आणि स्ट्रक्चर मिळून चौरस मीटरला १२ ते १५ किलो भरतं, ते शेडला झेपतं का हे स्ट्रक्चरल इंजिनियरकडून तपासून घ्या. पण खरी भीती पॅनेल वर उचललं जाण्याची आहे.

वाऱ्याचा वेग मीटर प्रति सेकंदात घ्या, त्याचा वर्ग करा, ०.६ ने गुणा. चौरस मीटरवरचा दाब न्यूटनमध्ये मिळतो. ४० मीटरच्या वेगाला ९६० न्यूटन. ५५० वॅटचं पॅनेल साधारण २.६ चौरस मीटरचं, म्हणजे तेवढी ओढ पूर्ण लागली तर जोर सुमारे २५० किलोचा, आणि पॅनेलचं स्वतःचं वजन जेमतेम २८ किलो. बाकीचं सगळं स्क्रूंनी धरायचं. कोपऱ्यांत, वळचणीला आणि आढ्यापाशी ओढ याहूनही जास्त असते, म्हणून कडेपर्यंत पॅनेल रेटू नका. एक पॅनेल कमी बसलं तरी चालेल.

आता ज्या चुकीत नवखा हमखास सापडतो ती. एल-फूट (पॅनेलखालची रेल धरणारा एल आकाराचा पाय) लावला, स्क्रू मारला, वॉशर दाबलं गेलं, हाताने हलवून पाहिलं तर घट्ट. वरून सगळं ठीक दिसतं, आणि स्क्रू पर्लिनच्या, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या लोखंडी तुळईच्या, शेजारून हवेत गेलेला असतो. घट्ट वाटतो कारण ०.५ मिलीमीटरच्या पत्र्यातही आटे धरतात. पण स्क्रूची पकड तो ज्या धातूत रुतलाय त्याच्या जाडीप्रमाणे वाढते. पर्लिन २ मिलीमीटरची असेल तर पत्र्यातली पकड तिच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास. शिवाय वारा एकदाच ओढून थांबत नाही. झोत येतो, जातो, पुन्हा येतो, आणि पातळ पत्र्यातलं भोक हळूहळू मोठं होत जातं. आधी तिथून पाणी गळतं, पकड नंतर सुटते.

हे हाताला ओळखता येतं, आणि पहिल्या दिवसापासून हीच सवय लावा. रिबच्या, म्हणजे पत्र्याच्या उंचवट्याच्या, माथ्यावर स्क्रू टेकवला की पत्रा क्षणात कापला जातो. मग रिबच्या उंचीएवढी, २५ ते ३० मिलीमीटरची, पोकळी लागते आणि स्क्रू सरकन आत जातो. त्यानंतर तो अडला पाहिजे. टोक पर्लिनवर टेकतं, आवाज बदलतो, काही सेकंद नुसतं ड्रिलिंग चालतं, आणि मग आटे धरून स्क्रू खाली खेचला जातो. हा दुसरा अडथळा आलाच नाही, तर स्क्रू चुकलाय. तिथेच थांबा. ‘बसला की, चल पुढे’ म्हणणाऱ्या उस्तादाचं या एका बाबतीत ऐकू नका. काम शिकायचं तर पहिल्या रांगेनंतर खाली उतरून छताच्या आतल्या बाजूने स्क्रूची टोकं मोजणाऱ्या माणसाच्या हाताखाली शिका.

पर्लिन शोधायला पत्र्याच्या जुन्या स्क्रूंची रांग धरतात. ते बरोबर आहे, पण अपुरं. पर्लिनचा वरचा पट्टा जेमतेम ५० ते ६५ मिलीमीटर रुंद असतो आणि पत्रे बसवणाऱ्याचेही काही स्क्रू चुकलेले असू शकतात. दोन्ही टोकांना खालून खात्री करा, मग लाइनदोरी ताणा. खूण मार्करने करा. शिसपेन्सिलीतलं ग्रॅफाइट झिंक-अ‍ॅल्युमिनियमच्या थराला गंज लावतं.

स्क्रूची लांबी काढताना रिबची उंची, फूटची आणि पॅडची जाडी, पर्लिनची जाडी यांची बेरीज करा, आणि टोक सोडून किमान तीन आटे पर्लिनच्या पलीकडे निघाले पाहिजेत. झेड आकाराच्या पर्लिन जिथे एकमेकींवर चढतात तिथे जाडी दुप्पट होते. ड्रिल पॉइंट, म्हणजे स्क्रूचं भोक पाडणारं टोक, तेवढ्या जाडीचा नसेल तर तो आरपार जायच्या आत आटे धरू लागतात, टोक जळतं किंवा स्क्रूच तुटतो. तिथे वेगळा, लांब पॉइंटचा स्क्रू लागतो.

इम्पॅक्ट ड्रायव्हर बाजूला ठेवा, क्लच असलेली स्क्रूगन वापरा. वॉशरखालचं ईपीडीएमचं रबर धातूच्या वॉशरच्या कडेला येऊन टेकलं की पुरे. बाहेर फुगून आलं तर जास्त आवळलंय, ते रबर उन्हात लवकर फाटेल. सुरुवातीचे पाचदहा स्क्रू बिघडतील, बिघडू द्या. भोक सैल झालं तर ५.५ च्या जागी ६.३ मिलीमीटरचा स्क्रू वॉशरसकट घाला. नुसतं सिलिकॉन भरून पुढे जाऊ नका, आणि व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तर पत्र्याला लावूच नका, त्यातलं आम्ल जस्ताचा थर खातं. न्यूट्रल क्युअर, म्हणजे आम्ल न सोडणारं, घ्या, फूटखाली ब्यूटाइल टेप (चिकट रबरी पट्टी).

रिबऐवजी खोलगट भागात स्क्रू मारला की छोटा स्क्रू पुरतो आणि पर्लिनही लगेच सापडते, म्हणून हा शॉर्टकट लोकप्रिय आहे. पण पाणी तिथूनच वाहतं. करू नका.

मिनी-रेल (रेलचा आखूड तुकडा) मात्र फक्त पत्र्यालाच बसते, आणि ती पद्धत चुकीची नाही. तिला पातळ पत्र्याचे खास स्क्रू लागतात, निर्मात्याने सांगितलेली किमान जाडी लागते, आणि सगळा भार पत्र्याच्या मूळ स्क्रूंवर जातो. ते गंजलेले असतील तर आधी ते बदला. स्टँडिंग सीमला, म्हणजे उभ्या दुमडीने जोडलेल्या पत्र्यांना, भोकच पाडायचं नाही, गोल टोकाच्या सेट-स्क्रूचे क्लॅम्प वापरायचे.

लांब रेल लावताना सांधे मोकळे ठेवा. १० मीटरची अ‍ॅल्युमिनियम रेल ४० अंशांच्या फरकाने सुमारे ९ मिलीमीटर वाढते, खालचं लोखंड ५ च्या आतच. सांधा जाम असेल तर ती ओढाताण फूटच्या स्क्रूंवर येते. सांध्यावरून पॅनेलही आडवं टाकू नका.

पॅनेल धरणारे क्लॅम्प डेटाशीटमधल्या पट्ट्यातच, टॉर्क रेंचने. रांगेच्या टोकाचा एंड क्लॅम्प फ्रेमच्या उंचीचाच हवा, ३० मिलीमीटरच्या फ्रेमला ३५ चा दाबून बसवला तर तो तिरका होतो. फ्रेमवरचा अ‍ॅनोडाइझचा थर वीज नेत नाही, म्हणून अर्थिंगला दातेरी वॉशर, आणि तांब्याची उघडी तार पत्र्याला टेकू द्यायची नाही.

वर चालताना पाय स्क्रूंच्या रांगेवर, म्हणजे पर्लिनवर. फायबरच्या पारदर्शक पत्र्यावर कधीच नाही, धूळ बसली की तो बाकीच्या पत्र्यांसारखाच दिसतो. हार्नेस लाइफलाइनला अडकवलेला हवा. रेल जमिनीवर कापा, ग्राइंडरच्या ठिणग्या रंगात रुततात. आणि उतरण्याआधी ड्रिलचा चुरा मऊ झाडूने पूर्ण झाडून घ्या. राहिला तर एका पावसात छतभर तांबडे ठिपके उठतात.