वापरलेला मॅक प्रो (२०१९) घेताना: काय बदलता येते आणि किती मोजावे

डिसेंबर २०१९ मध्ये आलेल्या, इंटेलच्या प्रोसेसरवर चालणाऱ्या मॅक प्रो या ॲपलच्या व्यावसायिक डेस्कटॉपची भारतातील सुरुवातीची किंमत ४,९९,९०० रुपये होती आणि तेवढ्या पैशांत आठ कोअरचा झिऑन (इंटेलचा सर्व्हर-वर्कस्टेशनसाठीचा) प्रोसेसर, ३२ जीबी रॅम आणि अवघी २५६ जीबी साठवण मिळत असे. जून २०२३ मध्ये त्याची विक्री थांबली. आता व्हिडिओ संकलन आणि ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओंतून निघालेली ही यंत्रे सेकंड हँड बाजारात मूळ किमतीच्या मानाने बरीच स्वस्त मिळतात. ती पारखताना एक सूत्र उपयोगी पडते: जे पुढे बदलणे अवघड आहे ते खरेदीच्या वेळीच हवे तसे घ्यावे आणि जे सहज बदलता येते त्यासाठी विक्रेत्याला जादा पैसे देऊ नयेत.

हे सूत्र प्रत्येक महागड्या संगणकाला लागू पडत नाही. डिसेंबर २०१७ च्या आयमॅक प्रोमध्येही झिऑन होता आणि रॅमचे चार स्लॉट होते. परंतु त्या स्लॉटपर्यंत पोहोचण्यासाठी चिकटवलेला पडदा सोडवावा लागे आणि ग्राफिक्स चिप तर बोर्डवरच सोल्डर केलेली होती. दुरुस्तीच्या सोयीनुसार गुण देणाऱ्या आयफिक्सिटने त्याला दहापैकी ३ आणि २०१९ च्या मॅक प्रोला ९ गुण दिले, ते याचमुळे.

व्यवहारापूर्वी यंत्र समोर चालू करून पाहावे. विक्रेत्याने आपला ॲपल आयडी काढून टाकला आहे का, फर्मवेअरचा (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचा) पासवर्ड लावलेला नाही ना, याची खात्री करून घ्यावी. कारण या संगणकातील टी२ ही ॲपलची सुरक्षा चिप कुलूपबंद असेल तर रसीद हातात असूनही यंत्र निरुपयोगी ठरते. कंपनीच्या मालकीचे यंत्र असेल तर ते पुसून, इंटरनेटला जोडून, सुरुवातीच्या मांडणीपर्यंत (सेटअपपर्यंत) न्यावे. तिथे संस्थेच्या नियंत्रणाची सूचना आली तर ती संस्थेकडून काढून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. त्यानंतर पुन्हा सुरू करताना डी हे बटण दाबून ठेवावे, म्हणजे ॲपलची स्वतःची तपासणी चालते. मुख्य बोर्ड हा या यंत्रातला महाग भाग आहे आणि तो दुसरीकडून सहज मिळत नाही, म्हणून ही तपासणी टाळू नये.

उघडणे सोपे आहे. संगणक बंद करून पाचदहा मिनिटे थंड होऊ द्यावा, वीजजोडणी काढावी आणि धातूच्या भागाला हात लावून अंगातील स्थिर वीज उतरवावी. वरची कडी उभी करून फिरवली की संपूर्ण आवरण सरळ वर उचलले जाते आणि आतील सर्व बाजू मोकळ्या होतात. आवरण काढलेले असताना हे यंत्र चालू होत नाही. त्यामुळे ते बिघडले असे समजून घाबरू नये.

रॅम बोर्डच्या मागच्या बाजूला, दोन झाकणांखाली असते. एकूण १२ स्लॉट आहेत आणि कोणत्या संख्येला कोणते स्लॉट वापरावेत याची आकृती झाकणाच्या आतल्या बाजूसच छापलेली आहे. प्रोसेसर सहा मार्गांनी स्मृतीशी जोडलेला असल्याने सहा किंवा बारा पट्ट्या बसवणे उत्तम. पट्ट्या डीडीआर४ ईसीसी (चुका आपोआप दुरुस्त करणाऱ्या) प्रकारच्या, सर्व्हरमध्ये वापरतात तशाच लागतात. मात्र १२८ जीबीच्या पट्ट्या वेगळ्या जातीच्या असल्याने त्या लहान पट्ट्यांबरोबर मिसळू नयेत. आठ, बारा आणि सोळा कोअरच्या यंत्रांत ७६८ जीबीपर्यंत, तर चोवीस आणि अठ्ठावीस कोअरच्या यंत्रांत १.५ टीबीपर्यंत रॅम बसते.

साठवणीत मात्र अडचण आहे. मूळ एसएसडीची मॉड्यूल स्क्रूने निघतात, पण ती टी२ चिपशी जोडलेली असतात. ती बदलली की सर्व माहिती पुसली जाते आणि दुसऱ्या मॅकवरून ॲपल कॉन्फिगरेटर हे ॲप वापरून यंत्र पुन्हा सिद्ध करावे लागते. त्यापेक्षा पीसीआयई कार्डावर (बोर्डवरील विस्तार-स्लॉटमध्ये बसणाऱ्या कार्डावर) बाजारात मिळणाऱ्या एनव्हीएमई एसएसडीच्या पट्ट्या लावणे स्वस्त आणि सुटसुटीत पडते. म्हणूनच २५६ जीबीचे यंत्र कमी किमतीत मिळत असेल तर ते नाकारण्याचे कारण नाही.

आठ पीसीआयई स्लॉट असल्यामुळे ग्राफिक्स कार्डही बदलता येते. रेडिऑन आरएक्स ६८०० किंवा ६९०० एक्सटी ही कार्डे मॅकओएस (मॅकची कार्यप्रणाली) ११.४ पासून चालतात, त्यांच्यासाठी वेगळी वीजतार घ्यावी लागते. एनव्हिडियाची सध्याची कार्डे मॅकओएसवर चालत नाहीत. प्रोसेसर सॉकेटमध्ये असल्याने तोही निघतो, परंतु त्यासाठी त्याला थंड ठेवणारा मोठा हीटसिंक उतरवणे, दोघांमध्ये नवी थर्मल पेस्ट लावणे आणि स्क्रू समान दाबाने आवळणे असे काम असते, म्हणून कोअरची संख्या विकत घेतानाच ठरवावी.

किंमत ठरवताना काळाचा हिशेब धरावा. मॅकओएस टाहो (२६) ही इंटेल मॅकसाठी शेवटची आवृत्ती आहे. मॅकवर विंडोज चालवण्याची बूट कॅम्प ही सोय केवळ विंडोज १० पर्यंत जाते आणि त्या विंडोजचा सर्वसाधारण आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. ॲपलच्या नियमानुसार विक्री थांबल्यापासून पाच वर्षांनी, म्हणजे २०२८ मध्ये, हे यंत्र जुन्या गटात जाईल आणि सात वर्षांनी अधिकृत दुरुस्ती बहुतेक बंद होईल. त्यामुळे उरलेल्या काळात त्यातून किती काम निघेल, यावरच रक्कम बेतावी.

माझ्या मते ते दोन प्रकारच्या कामांनाच परवडते: प्रो टूल्स या ध्वनिमुद्रण सॉफ्टवेअरच्या एचडीएक्स कार्डांसारखी महाग कार्डे आधीच हाताशी असतील तर, किंवा १९२ जीबीहून अधिक रॅमची खरी गरज असेल तर; कारण त्यानंतर आलेल्या २०२३ च्या मॅक प्रोची रॅमची मर्यादा तेवढ्यावरच थांबते आणि त्यात ग्राफिक्स कार्डही चालत नाही. एरवी वापरलेला मॅक स्टुडिओ हा ॲपलचा छोटा डेस्कटॉप घ्यावा. त्याची रॅम कधीच वाढवता येणार नाही, म्हणून ती सुरुवातीलाच भरपूर असलेला शोधावा. मॅक प्रो घेतलाच, तर १.४ किलोवॅटच्या पॉवर सप्लायला पेलणारा यूपीएस खर्चात धरावा, घरगुती ६०० व्हीएचा चालणार नाही. काढलेले मूळ ग्राफिक्स कार्ड आणि रॅमच्या पट्ट्या विकून टाकू नयेत. नवा भाग बिघडल्यास दोष शोधताना आणि पुढे यंत्र विकताना त्यांचीच गरज पडते.