तेलातला ऑक्सिजन काढताना आधी वजनाचा हिशेब करा

वनस्पती तेलातला ऑक्सिजन काढून त्याचे हायड्रोकार्बन करण्यासाठी मातीचा उत्प्रेरक (अभिक्रिया वेगाने घडवणारा पदार्थ) बनवणे, तो भट्टीत भाजणे आणि रिॲक्टर सुरक्षितपणे चालवणे तुम्हाला काही आठवड्यांत जमेल, म्हणून त्याविषयी मी लिहीत नाही. मला लिहायचे आहे ते जीसीच्या (गॅस क्रोमॅटोग्राफ, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून प्रत्येकाचे शिखर दाखवणारे यंत्र) आलेखाविषयी, कारण त्यावर आंधळा विश्वास ठेवल्यामुळे माझे सात महिने वाया गेले आणि त्याची खंत अजून गेलेली नाही.

भाजलेल्या हायड्रोटाल्साइटवर (थरांची रचना असलेल्या एका मातीवर) मी पामतेल तापवत होतो. आलेखातली जवळजवळ सगळी शिखरे हायड्रोकार्बनची होती, आम्लांक (तेलातल्या मोकळ्या आम्लाचे माप) जवळजवळ शून्यावर आला होता आणि द्रव उत्पादन तेलाच्या वजनाच्या ९२ टक्के भरले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी बाटलीच्या तळाशी पांढरा, मेणासारखा थर बसलेला दिसला. मी तो गाळून फेकून दिला, आणि माझी खरी चूक तीच होती.

तो थर कीटोनचा होता. मेदाम्लाचे (तेलातल्या लांब साखळीच्या आम्लाचे) दोन रेणू एकत्र येऊन कार्बन डायऑक्साइड आणि पाणी बाहेर पडते, उरतो तो लांब साखळीचा कीटोन. आम्लांक खाली येतो, पण ऑक्सिजनचा एक अणू मात्र उरतोच. असे जड कीटोन आणि न बदललेले ट्रायग्लिसराइड (तेलाचे मूळ रेणू) जीसीच्या नेहमीच्या मांडणीत स्तंभातून (घटक वेगळे करणाऱ्या नळीतून) बाहेर येतीलच असे नाही, आणि शिखरांच्या क्षेत्रफळाची टक्केवारी जे बाहेर आले त्यालाच शंभर धरते.

साधा गुणाकार केला असता तर मी वेळीच सावध झालो असतो. ट्रायओलीन या एका ट्रायग्लिसराइडचा रेणुभार सुमारे ८८५ आहे. त्यातला सगळा ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने गेला, तर सतरा कार्बनच्या तीन साखळ्या उरतात, म्हणजे वजनाने साधारण ८१ टक्के. हायड्रोजन वापरून तो पाण्याच्या रूपाने काढला, तरी जास्तीत जास्त ८६ टक्के. पामतेलातल्या साखळ्या काहीशा आखूड असल्याने तिथे मर्यादा आणखी खाली येते. म्हणजे सगळा द्रव हायड्रोकार्बन असता तर ९२ टक्के हा आकडाच अशक्य होता, आणि तो पहिल्या दिवसापासून माझ्या वहीत लिहिलेला होता.

क्षेत्रफळाची टक्केवारी थेट प्रबंधात टाकू देणारा मार्गदर्शक तुमचे भले करत नाही, असे माझे ठाम मत आहे. माझ्या एका वरिष्ठ सहकाऱ्याने फक्त "वायूचे वजन किती?" एवढेच विचारले, आणि त्या प्रश्नाने जे शिकवले ते वर्षभराच्या बैठकांनी शिकवले नव्हते.

तरीही घाबरून जाऊ नका. सुरुवातीचे बरेचसे प्रयोग बिघडतातच, आणि नीट नोंदवलेला बिघडलेला प्रयोग पुढे उपयोगी पडतो. अंतर्गत मानक (नमुन्यात माहीत असलेल्या प्रमाणात मिसळलेला पदार्थ) वापरा, आम्लांचे सिलिलीकरण करून (त्यांना सिलिकॉनचा गट जोडून सहज बाष्प होतील असे करून) मगच नमुना जीसीत सोडा, मूलद्रव्य विश्लेषणाने उरलेला ऑक्सिजन थेट मोजा, आणि द्रव, वायू, पाणी व मातीवरचा कोक (साचलेला कार्बन) या चौघांची बेरीज तेलाच्या वजनाशी जुळते का ते पाहा. त्याआधी मातीशिवाय, त्याच तापमानाला, त्याच वेळेचा एक कोरा प्रयोग करा. नुसत्या उष्णतेनेही तेल फुटते, आणि ते श्रेय मातीला द्यायचे नसते.