बटाट्याच्या बेण्याला कोंब आणताना या चुका टाळा

नाशिक जिल्ह्यात रब्बी बटाट्याची लागवड साधारणपणे ऑक्टोबरच्या अखेरीस आणि नोव्हेंबरमध्ये केली जाते व त्यासाठीचे बेणे बहुधा शीतगृहातून येते. उगवण विरळ झाली की दोष बेणे देणाऱ्यावर जातो. काही वेळा तो रास्तही असतो, परंतु पुष्कळदा नुकसान गोणी उतरवल्यापासून बेणे सरीत पडेपर्यंतच्या दहा-पंधरा दिवसांत, आपल्याच खळ्यात झालेले असते.

सर्वांत महागात पडणारी चूक पहिल्याच दिवशी घडते. शीतगृहात 2 ते 4 अंश सेल्सिअसला महिनोन्‌महिने राहिलेल्या गोण्या ऑक्टोबरच्या उन्हात उतरवून तशाच थप्पीत ठेवल्या, तर बाहेरच्या हवेतील बाष्प थंड बटाट्यावर जमून सालीला पाणी सुटते, थप्पीच्या आत हवा खेळत नाही आणि जिवाणूंमुळे होणारी मऊ कूज तिथूनच सुरू होते. शीतगृहात मधल्या तापमानाची खोली असल्यास बेणे एक दिवस तेथे ठेवण्याची मागणी करावी. तशी सोय नसेल, तर गोण्या पहाटेच्या गारव्यात आणून लगेच सोडाव्यात, बेणे सावलीत पातळ पसरावे आणि साल पूर्ण सुकेपर्यंत त्याचा ढीग करू नये. वास येणारा किंवा दाबल्यावर पाणी सोडणारा बटाटा त्याच वेळी बाजूला काढावा.

त्यानंतर बेणे अंधाऱ्या खोलीत ठेवण्याची सवय आड येते. अंधारात कोंब लांब, पांढरे आणि इतके ठिसूळ होतात की उचलतानाच मोडतात. विखुरलेल्या उजेडात तेच कोंब अर्धा ते एक सेंटिमीटरचे, जाड आणि हिरवट-जांभळे राहतात. या काळात रिकामी झालेली कांदा चाळ यासाठी उत्तम जागा आहे, मात्र सडक्या कांद्याचा मागमूस तेथे राहू देऊ नये. टोमॅटोच्या क्रेटमध्ये बेण्याचे एक-दोन थर लावून क्रेट चाळीत मांडल्यास हवा व उजेड दोन्ही मिळतात. उजेडाने साल हिरवी पडली तरी चिंता नको, कारण हा बटाटा खाण्यासाठी नाही.

शेंड्याकडील एकच कोंब जोरात वाढला आणि बाकीचे डोळे निजून राहिले, तर ते शेंड्याच्या वर्चस्वाचे लक्षण असते. द्राक्ष बागायतदारांना हे सांगायला नको, कारण ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून आपण पेस्ट लावतो ती याच कारणासाठी. बटाट्यात मात्र रसायन लागत नाही. तो एक कोंब हाताने खुडला की इतर डोळे फुटतात. खुडणी एकदाच करावी, वारंवार केल्यास बेण्यातील साठा संपतो. घरात द्राक्षासाठी आणलेले जीए (जिबरेलिक ॲसिड हे वाढ संजीवक) असते म्हणून बेणे त्यात बुडवण्याचा मोह होतो, तोही आवरावा. सुप्तावस्था, म्हणजे डोळे न फुटण्याचा विश्रांतीचा काळ, मोडण्यासाठी बटाट्याला जीए वापरतात ते 1 पीपीएम (दहा लाख भागांत एक भाग) इतक्या अल्प प्रमाणात, आणि शीतगृहातून आलेल्या बेण्याची सुप्तावस्था बहुधा आधीच संपलेली असते. द्राक्षाच्या मात्रेने केवळ सुतळीसारखे लांबट कोंब मिळतात. औषधाशिवायच सुतासारखे बारीक कोंब येत असतील, तर ते बेणे रोगट किंवा फार वयस्क समजून टाकून द्यावे.

काही बेण्याला कोंबच येत नाही. अशा वेळी तो खाण्याचा बटाटा तर नव्हे, हे आधी तपासावे. खाण्यासाठीचा माल काही शीतगृहांत 10 ते 12 अंशांवर ठेवून त्यावर कोंब रोखणाऱ्या क्लोरप्रोफॅमची धुरी दिली जाते. लासलगावच्या ‘कृषक’ केंद्रात 2002 पासून कांद्याला गॅमा किरणांची मात्रा देतात, तीही कोंब रोखण्यासाठीच. कोंब रोखलेला असा बटाटा स्वस्त मिळाला तरी लागवडीच्या कामाचा नाही.

बेणे 30 ते 50 ग्रॅमचे असेल, तर ते अख्खेच लावावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मोठा बटाटा कापायचाच झाल्यास उभा कापावा आणि प्रत्येक फोडीवर दोन-तीन डोळे ठेवावेत. कापताना आत तपकिरी कडे दिसले आणि त्यातून चिकट द्रव आला, तर तो बांगडी रोग होय. तो बटाटा वेगळा काढावा आणि विळा पोटॅशियम परमँगनेटच्या द्रावणात बुडवल्याशिवाय पुढच्या बटाट्याला लावू नये. दोन विळे आळीपाळीने वापरले, तर काम अडत नाही. कापलेल्या फोडी त्याच दिवशी तापलेल्या जमिनीत लावल्या की सडतात. त्या 18 ते 20 अंशांच्या आसपास, दमट पण हवेशीर सावलीत दोन-तीन दिवस ठेवल्या, तर कापावर खपलीसारखा थर धरतो.

कोंब आलेले बेणे पुन्हा गोणीत भरून शेतात नेऊ नये. क्रेटमधूनच न्यावे, कोंब वरच्या बाजूस ठेवून ओलसर मातीत लावावे आणि पहिले पाणी वरंब्याच्या निम्म्यापेक्षा वर चढू देऊ नये.